ऑपरेशननंतर पोटरी का उडते?

डोळ्याची पापणी फडफडू लागली म्हणून आपल्याकडे कुणी दवाखाना गाठत नाही. पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा डोळा लवला तर शुभ, उलट झालं तर अशुभ, एवढा हिशेब करून माणूस कामाला लागतो. दोन-चार दिवसांत पापणी आपोआप शांत होते आणि ती फडफडत होती हेही आपण विसरून जातो.

हीच फडफड हर्नियाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात पोटरीत सुरू झाली तर? टाके सुकलेत, सर्जनने 'सगळं ठीक आहे' म्हणून सांगितलंय, कंपनीत द्यायचं फिटनेस सर्टिफिकेटही हातात आलंय. आणि रात्री पाठ टेकली की कातडीखाली काहीतरी वळवळतं. दुसऱ्या दिवशी मांडीत, मग दंडात. बायकोला सांगितलं तर ती म्हणते, 'नस उडत असेल.' मोबाइलवर शोधलं तर पहिल्याच पानावर एका असाध्य आजाराचं नाव. त्यानंतर झोप कसली येते?

पापणीत जे घडलं आणि पोटरीत जे घडलं, ते शरीराच्या दृष्टीने बहुतेक वेळा एकच असतं. मग एकाकडे आपण दुर्लक्ष करतो आणि दुसऱ्यापायी रात्र जागून काढतो, असं का? भोसरीपासून चाकणपर्यंत हर्निया, पित्ताशयातले खडे, मूळव्याध किंवा मशीनवर हाताला झालेली दुखापत अशा ऑपरेशनमधून उठून कामावर परतणारी माणसं प्रत्येक शॉपफ्लोअरवर भेटतात. त्यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला ही फडफड आणि ही भीती आली, तर ती नीट समजून घेतली पाहिजे.

एक पेशी, हजारभर तंतू

पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. त्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी असतात. पोटरी हलवणाऱ्या पेशीचा धागा कण्यातून निघतो तो थेट गुडघ्याखाली पोचतो, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब. शेवटी त्याला फाटे फुटतात आणि एकेक फाटा एकेका स्नायुतंतूला जाऊन भिडतो. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू मिळून जो गट होतो, त्याला मोटर युनिट म्हणतात. पेशीकडून विजेचा ठोका आला की गटातले सगळे तंतू एकदम आखडतात. डोळ्याचं बुबुळ फिरवणाऱ्या स्नायूत अशा एका गटात जेमतेम दहाएक तंतू असतात. पोटरीतल्या एका गटात हजार ते दोन हजार.

आता समजा मेंदूने काहीच हुकूम दिलेला नाही, पण त्या लांब धाग्याच्या टोकाकडे आपोआप एक ठोका उमटला. हजार-दोन हजार तंतू एकाच वेळी आखडणार आणि सुटणार. कातडीखाली क्षणभर लाट उठलेली डोळ्यांना दिसते. अख्खा पाय हलत नाही, कारण पोटरीत असे शेकडो गट आहेत आणि त्यातला एकच उडालाय. डॉक्टर याला फॅसिक्युलेशन म्हणतात.

ठोका आपोआप का उमटतो? चेतातंतूच्या पडद्याबाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि या फरकामुळे पडद्यावर कायम विजेचा ताण असतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हा पडदा शांत ठेवतात. त्यांचं प्रमाण घटलं, झोप कमी पडली, व्यायाम किंवा श्रम एकदम वाढले, चहा-कॉफीतलं कॅफीन किंवा भीतीमुळे सुटलेलं ॲड्रेनलीन रक्तात वाढलं, की ठोका उमटायला फारसं कारण लागत नाही. यातलं एखादं कारण बहुतेकांच्या आयुष्यात कधी ना कधी असतंच. 1963 साली अमेरिकेत निरोगी माणसांची या बाबतीत पाहणी झाली, तेव्हा सुमारे 70 टक्के लोकांनी 'आमचेही स्नायू असे फडफडतात' असं सांगितलं होतं.

ही फडफड आडवं पडल्यावर जाणवते आणि पाय हलवला की बहुधा थांबते. चालताना शेकडो गट मेंदूच्या हुकमाने काम करत असतात, त्यात एकट्यादुकट्या गटाचं उडणं कळूनच येत नाही. म्हणजे 'रात्रीच का होतं?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर साधं आहे. रात्री आपण स्वस्थ पडलेले असतो आणि आपलं लक्ष तिकडे असतं.

ऑपरेशनमुळे काय बदलतं

भुलेच्या डॉक्टरांना फॅसिक्युलेशनचं काही नवल नसतं. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू सैल करावे लागतात. त्यासाठी सक्सिनिलकोलीन नावाचं औषध दिलं, तर सैल पडण्याआधी अंगभर फडफड दिसते, आणि मिनिटभरात सगळं थांबतं. या औषधानंतर दोन-तीन दिवस मान, खांदे, पोट दुखणं हेही नेहमीचं. औषध मात्र शरीरातून काही मिनिटांत संपतं. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यातल्या फडफडीचा दोष भुलेला देता येणार नाही. लोक तो देतात, आणि 'भूल नसांत बसली' ही समजूत मनात घर करते.

खरी कारणं जास्त साधी असतात. ऑपरेशनच्या आधी उपास, नंतर सलाईन, मग चार-आठ दिवस पेज आणि मुगाची खिचडी. उलट्या-जुलाब झाले असतील तर पोटॅशियम, मॅग्नेशियम आणखी घटतं. ॲसिडिटीची गोळी लिहून दिली होती आठवड्यासाठी, ती सहा महिने चालूच राहिली, तरी मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि दम्याचा पंपही स्नायू फडफडवतात. अंथरुणावर पडून स्नायू किती झपाट्याने झडतात, याची आपल्याला कल्पना नसते. साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्यानंतर एकदम आठ तास उभं राहायचं म्हटलं तर पाय थरथरणारच.

आणि आपल्या भागात माणूस नेमकं तेच करतो. ज्यांचा ईएसआय कापला जातो, त्यांना आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळू शकतो. पण कंत्राटी कामगाराला अनेकदा हे कुणी सांगितलेलंच नसतं. खाडा म्हणजे पैसे गेले, एवढंच त्याला ठाऊक. मग तो बाराव्या-पंधराव्या दिवशीच लाइनवर उभा राहतो. त्यात आठवड्याला शिफ्ट बदलते. थर्ड शिफ्ट संपवून चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीतून खोलीवर पोचेपर्यंत ऊन चढलेलं. पत्र्याच्या खोलीत दिवसा तीन-चार तास झोप, आणि जागं राहायला कँटीनचा चहा. कॅफीनचा अर्धा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारचा चहा सकाळी नऊच्या झोपेत लुडबुड करतो. चेतातंतूंनी शांत राहावं असं यात काहीच नाही. माझ्या मते अशा माणसाची पहिली गरज एमआरआय नसून आणखी आठ दिवस रजेची असते.

थायरॉइडचं ऑपरेशन मात्र वेगळं. थायरॉइडला चिकटून चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात आणि रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला तर कॅल्शियम घसरतं; ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हाताला पेटके येतात, स्नायू उडतात. तिथे वाट पाहायची नसते. त्याच दिवशी सर्जनला कळवून कॅल्शियम तपासायचं.

जीबीएसच्या साथीनंतर

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गुलेन बॅरी सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ आली. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी हा भाग केंद्रस्थानी होता. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले. संशयित रुग्णांचा आकडा 200 च्या पुढे गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. त्या आठवड्यांत घराघरांत एकच विषय होता. हाताला मुंग्या आल्या तरी लोक दचकत होते. ऑपरेशननंतर क्वचित जीबीएस होतो हे वाचलेल्या माणसाची अवस्था तर विचारू नका.

म्हणून जीबीएस आणि साधी फडफड यांतला फरक पक्का लक्षात ठेवायला हवा. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि ताकद जाते. बहुधा दोन्ही पायांतून सुरुवात होते, काही तासांत ते काही दिवसांत वर चढते. जिना चढवत नाही, खुर्चीवरून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठवत नाही, चप्पल पायातून निसटते. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. साध्या फडफडीत यातलं काहीच नसतं. पोटरी उडते, पण त्याच पोटरीवर माणूस तीन मजले चढून जातो.

मोबाइलवर दिसतो तो दुसरा आजार म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज किंवा एएलएस, स्टीफन हॉकिंगना झालेला. त्यात चेतापेशीच मरत जातात. फॅसिक्युलेशन असतात हे खरं. भीतीचं मूळ तिथेच आहे. पण माणूस डॉक्टरकडे येतो तो सहसा वेगळीच तक्रार घेऊन: शर्टाचं बटण लावता येत नाही, पाऊल घासतं, बोलणं जड झालं, हाताच्या अंगठ्याजवळचा मांसल भाग खोल गेला. ताकद शाबूत आहे, तपासणी नॉर्मल आहे आणि नुसती फडफड आहे, अशा 121 जणांचा मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पाठपुरावा केला. काहींचा दोन वर्षं, काहींचा तब्बल 32 वर्षं. 1993 मध्ये निष्कर्ष छापून आला: त्यांतल्या एकालाही एएलएस झाला नाही.

चौकट: कधी थांबायचं नाही

*त्याच दिवशी रुग्णालयात जा:* हातापायांची ताकद कमी होत चालली असेल. चालताना पाऊल घासत असेल. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल. लघवी अडली असेल किंवा नकळत होत असेल. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तोंडाभोवती मुंग्या आणि हाताला पेटके येत असतील.

*एकच पोटरी सुजली, दुखते, गरम लागते:* ही फडफड नव्हे. ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं ते लक्षण असू शकतं. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक क्षणही दवडू नका.

*दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवा:* फडफड एकाच जागी आठवडेच्या आठवडे चालू असेल, तो स्नायू बारीक दिसत असेल, किंवा नवीन गोळी सुरू केल्यावर किंवा झोपेची गोळी एकदम बंद केल्यावर त्रास सुरू झाला असेल.

सेन्सर जास्त संवेदनशील झाला तर

प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यांना लाइट कर्टन माहीत असतो. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा अदृश्य पडदा असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. किती जणांची बोटं त्याने वाचवली असतील. पण तो जागचा हलला किंवा त्यावर धूळ-तेल बसलं, की हात आत नसतानाही प्रेस थांबत राहते. शहाणा ऑपरेटर अशा वेळी कर्टन बायपास करत नाही आणि प्रेसला कुलूपही लावत नाही. मेंटेनन्सला बोलावतो, पुसून-जुळवून घेतो आणि कामाला लागतो.

मेंदूतली धोक्याची यंत्रणा ऑपरेशननंतर अशीच होते. त्यात माणसाचा कमकुवतपणा नाही. आपल्या शरीराची कापाकापी झाली, काही तास आपण पूर्ण दुसऱ्यांच्या हातात होतो, सही करताना 'जिवाला धोका' हे शब्द वाचले होते. मेंदूने शरीराकडे जास्त लक्ष द्यायचं ठरवलं तर ते समजण्यासारखं आहे. मग जी फडफड एरवी जाणवलीही नसती, तीही धोक्याची खूण वाटू लागते.

भीतीने ॲड्रेनलीन वाढतं आणि चेतातंतू आणखी चटकन उडतात. शिवाय घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, आणि रक्तात मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रथिनांना जाऊन चिकटतं. एकूण कॅल्शियम तेवढंच, पण कामी येणारं कमी. परिणाम? ओठांना मुंग्या, बोटं बधिर, स्नायू आणखी फडफडलेले. म्हणजे ज्याची धास्ती घेतली, त्याचा जणू पुरावाच शरीर हजर करतं. ही लक्षणं खरी असतात. 'तुला काही होत नाही' असं त्या माणसाला म्हणणं म्हणूनच चूक आहे. त्याला होतंय, कारण मात्र वेगळं आहे.

तपासून बघण्याची सवय यात भर घालते. पोटरी दाबून बघणं, टेपने दोन्ही मांड्या मोजणं, टाचा उचलून पन्नास वेळा उभं राहणं, फडफडीचा व्हिडिओ काढून भावाला पाठवणं. पन्नास वेळा टाचा उचलल्या तर धडधाकट माणसाचीही पोटरी दमते आणि थरथरते. माणूस म्हणतो, 'बघा, ताकद गेली!' आणि पुन्हा तपासतो. एक डॉक्टर 'काही नाही' म्हणाले की दोन दिवस बरं वाटतं, मग दुसऱ्या डॉक्टरांची फाइल तयार होते.

कमरेचा एमआरआय काढला की नवीन शब्द हाती लागतात: 'डिस्क बल्ज'. काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा विशीतल्या सुमारे 30 टक्के लोकांत डिस्क बल्ज दिसली आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढतच गेलं. तो शब्द वाचून मात्र वाकायला घाबरणारी माणसं कमी नाहीत. गरज नसलेली तपासणी निरुपद्रवी असते, हे मला पटत नाही.

मग करायचं काय

आधी एकदाच, पण नीट तपासून घ्या. फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन हातापायांची ताकद आणि हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया बघतील, चालू गोळ्यांची यादी वाचतील. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, थायरॉइड, साखर आणि बी-12 या रक्ततपासण्यांत बहुतेक दुरुस्त होणारी कारणं सापडतात. शंका राहिली तर न्यूरोलॉजिस्ट ईएमजी करतात. त्यात बारीक सुई घालून स्नायूतली वीज नोंदवली जाते. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, चिंचवडला मोहननगरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे. जाताना ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं न्या. तोंडी सांगण्यात हमखास काहीतरी सुटतं.

ताकद आणि रिपोर्ट नॉर्मल आले की उलटतपासणी बंद. ही सगळ्यात अवघड पायरी आहे. एका दिवसात कुणालाच जमत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने कमी करायचं: तासातासाला पोटरी बघत असाल तर सकाळ-संध्याकाळ, मग दिवसातून एकदा, मग आठवड्याला. लक्षणं मोबाइलवर शोधणं पूर्ण बंद. शिफ्टच्या शेवटच्या पाच-सहा तासांत चहा नको. सर्जनने परवानगी दिली असेल तेवढं रोज चाला. झडलेला स्नायू चालण्यानेच परत येतो. अंथरुणात श्वास भराभर होतोय असं वाटलं तर आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. फडफड लगेच थांबणार नाही. काहींची महिनोन्‌महिने अधूनमधून येत राहते. पण तिच्यामुळे झोप उडणं आधी थांबतं.

एवढं करूनही दिवसातले तासन्‌तास याच विचारात जात असतील, कामावर लक्ष लागत नसेल, तर मानसोपचाराची मदत घ्या. आजाराच्या भीतीवर विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती, सीबीटी, चांगली लागू पडते. इंग्लंडमध्ये रुग्णालयात येणाऱ्या 444 रुग्णांवर याची चाचणी झाली आणि 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. फायदा पाच वर्षांनंतरही टिकल्याचं पुढे दिसलं. विशेष म्हणजे, प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकांनी केलेला हा उपचारही उत्तम चालला. आपल्या कंपन्यांच्या मेडिकल सेंटरमधल्या सिस्टरना असं प्रशिक्षण देता येईल. हेल्मेट आणि सेफ्टी शूजवर खर्च करणाऱ्या व्यवस्थापनांनी याचा विचार करावा.

घरच्यांनाही एक विनंती. ऑपरेशन झालेला माणूस पोटरी दाखवायला आला, तर 'मनाचे खेळ आहेत' म्हणून त्याला उडवून लावू नका आणि दर वेळी टॉर्च लावून बघायलाही बसू नका. एकदा डॉक्टरांकडे सोबत जा. त्यानंतर त्याने दहाव्यांदा विचारलं, तर 'हे आपण डॉक्टरांकडून ऐकलंय, चल, चौकापर्यंत चालून येऊ' एवढंच म्हणा. रात्री फारच घाबरा झाला तर सरकारच्या टेली मानस सेवेला 14416 वर फोन लावून द्या. 2022 पासून ही सेवा चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास मिळते आणि मराठीत बोलता येतं.